वजा पाच

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी जेवण करून थोडा लवंडलो होतो, तेवढ्यात आमच्या न्यू जर्सीतल्या कार्यालयाच्या फॅन्टसी फुटबॉल लीगच्या कमिशनरने यंदाचे नियमपत्रक धाडले आणि माझी झोप उडाली. फॅन्टसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंची आपसांत वाटणी करून कागदी संघ बांधायचे आणि त्या खेळाडूंच्या मैदानावरच्या कामगिरीला गुण द्यायचे. कमिशनर म्हणजे या लीगचा कारभारी. इंटरसेप्शनला (म्हणजे फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला तर) वजा पाच, पासवर झालेल्या टचडाउनचे (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचवल्याचे) क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, चाराऐवजी सहा, इतर कोणाच्याही झेलाला शून्य पण टाइट एंडने (अडवणे आणि झेलणे अशी दोन्ही कामे करणाऱ्या गड्याने) घेतला तर दीड, आणि फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल) मिळवून देणाऱ्याला एक गुण. हा गृहस्थ दरवर्षी असे काहीतरी करतो आणि बाकीची मंडळी दरवर्षी कुरकुरतात. मला मात्र प्रत्यक्ष सामन्यापेक्षा हे पत्रक वाचण्यातच अधिक गोडी वाटते, हे मी घरात कबूल केलेले नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला आत्याकडे भर दुपारी मेंढीकोटाचा डाव पडायचा, तेव्हा आम्हा मुलांना हात सर करण्याचीच हाव असे. एक्का हातात आला की तो पहिल्या उतारीलाच आपटायचा आणि चार फुटकळ पाने गोळा करून विजयी मुद्रेने समोरच्या भिडूकडे पाहायचे, हा आमचा खाक्या. आत्या शांतपणे सुपारी कातरत असायची. ती एक्का दडवून ठेवायची, आम्हाला पाच-सहा हात खुशाल नेऊ द्यायची आणि दश्शी खाली पडली की तिच्यावर झडप घालायची. आमच्या जोडात किलवरच्या दश्शीचा एक कोपरा फाटलेला होता, त्यामुळे ती कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांनाच दिसे. तरीही ती शेवटी आत्याच्याच ढिगात जायची. दश्शी काही एक्क्याहून मोठी नव्हती, फक्त त्या खेळात मोजली तीच जायची.

ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, दिवशी मला तीच मुले पुन्हा दिसतात, फरक इतकाच की आता त्यांच्या हातात छापील याद्या असतात. कोठल्यातरी तज्ज्ञाने सर्वसाधारण गुणपद्धतीसाठी बनवलेली क्रमवारी घेऊन बसायचे आणि आपल्या लीगचे नियम निराळे आहेत हे तिसऱ्या फेरीपर्यंत विसरून जायचे, याचा मला मनस्वी राग येतो. वास्तविक ‘सर्वसाधारण’ म्हणावे अशी पद्धत या खेळात कधीच नव्हती. ओकलंड रेडर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मित्रांबरोबर बसून या खेळाचे नियम रचले आणि पुढच्या वर्षी आपल्या घरी पहिला ड्राफ्ट भरवला, तेव्हा यार्डांना किंमत नव्हती. मैदानात प्रत्यक्ष गुण कोणी मिळवले एवढेच पाहिले जाई. यार्ड नंतर आले, झेलाला गुण त्याच्याही नंतर आला, आणि त्या एका गुणाने केवढी उलथापालथ केली हे पाहायचे तर दोन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे गडी, शेजारी ठेवावेत. २०१९ साली ख्रिश्चन मॅकॅफ्रीने ११६ झेल घेतले. २०२० साली डेरिक हेन्री २,०२७ यार्ड धावला, पण त्याचे झेल अवघे १९. यार्ड आणि टचडाउन एवढेच धरले तर मॅकॅफ्री सुमारे ३५३ आणि हेन्री ३१६, म्हणजे अंतर ३७ गुणांचे. झेलाला एकेक गुण दिला की तेच अंतर १३४ वर जाते. माणसे तीच, त्यांचे पायही तेच.

यंदाच्या वजा पाचाने सगळे हबकले. क्वार्टरबॅक आता धोक्याचे, असा सूर लागला. मी २०१९चे आकडे काढून बसलो, कारण त्या साली टँपा बेच्या जेमिस विन्स्टनने एकाच हंगामात ३३ टचडाउन आणि ३० इंटरसेप्शन असा पराक्रम केला होता, जो त्याआधी कोणाला साधला नव्हता. पासच्या ५,१०९ यार्डांसह नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे इंटरसेप्शनला वजा दोन धरून, त्याचे फेकीचे गुण होतात सुमारे २७६. त्याच वर्षी ग्रीन बेच्या ॲरन रॉजर्सने ४,००२ यार्ड, २६ टचडाउन आणि फक्त चार इंटरसेप्शन केले, त्याचे २५६. आमच्या नव्या नियमाने हिशेब मांडला तर विन्स्टन २५२ वर घसरतो आणि रॉजर्स २९६ वर चढतो. म्हणजे क्वार्टरबॅक नावाची जात धोक्याची झालेली नाही, तिच्यातल्या उधळ्या आणि काटकसरी माणसांमधली दरी तेवढी रुंदावली आहे.

तरीही पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेण्यात शहाणपण नाही, असे माझे ठाम मत आहे. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक खेळवायचा असतो आणि एनएफएलमध्ये, म्हणजे खऱ्या व्यावसायिक लीगमध्ये, संघ आहेत बत्तीस, त्यामुळे काटकसरी माणूस सातव्या-आठव्या फेरीतही हाती लागतो. दोन क्वार्टरबॅक खेळवायचा नियम असता तर बत्तिसांतले चोवीस उठले असते आणि मग मीही धावत सुटलो असतो. टाइट एंडचे तसे नाही. तिथे वरचे दोन-तीन गडी गेले की खाली एकदम उतार लागतो. २०२० साली ट्रॅव्हिस केल्सीचे १०५ झेल होते. दीडच्या हिशेबाने नुसत्या झेलांचे १५७.५ गुण होतात, आणि तेही जिथे इतरांच्या झेलाला छदामही मिळत नाही अशा लीगमध्ये. मंडळी वजा पाचाच्या नावाने बोटे मोडत असताना हे दीडचे कलम बहुतेकांच्या नजरेतून निसटले, आणि मी ते कोणाच्या लक्षात आणून दिले नाही.

या नादाचा एक तोटा मात्र आहे, तो म्हणजे खेळ सरळ नजरेने पाहता येत नाही. २००४ च्या सप्टेंबरात पिट्सबर्गच्या जेरोम बेटिसने रेडर्सविरुद्ध पाच वेळा चेंडू नेऊन एकूण एक यार्ड कमावला आणि तीन टचडाउन केले. त्याचे झाले १८.१ गुण, आणि त्याच्या आधी ऐंशी यार्ड घाम गाळणारे ज्यांच्या संघात होते ते सगळे हळहळले. मीही आता कोणी चाळीस यार्डांची देखणी धाव घेतली तरी आधी फर्स्ट डाउन किती झाले तेच मोजतो, आणि चाळीस यार्डांचा फर्स्ट डाउन शेवटी एकच असतो.

एवढे सगळे कलमवार लिहूनसुद्धा २ जानेवारी २०२३ च्या रात्रीसाठी आमच्याकडे एकही कलम नव्हते. सिनसिनाटीत बफेलोचा डमार हॅमलिन एका टॅकलनंतर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाडल्यानंतर, उठून उभा राहिला आणि कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानावरच त्याच्या छातीवर दाब देणे सुरू झाले, खेळाडू गुडघ्यांवर बसले, सामना थांबला आणि पुढे तो कधीच पुरा खेळवला गेला नाही. हॅमलिन वाचला, पुढच्या हंगामात खेळलाही. आमच्या लीगची अंतिम फेरी त्याच आठवड्यात होती. एकाकडे सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो, दुसऱ्याकडे बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन. त्या रात्री गुणांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. आठवड्याभराने कमिशनरने जमलेले पैसे दोघांत निम्मेनिम्मे वाटून टाकले आणि दोघांनीही ते मुकाट घेतले. बरोवाला मात्र अजूनही जेवणाच्या सुट्टीत कधीतरी सांगतो की त्याच्या गड्याने पहिल्याच चढाईत टचडाउनचा पास टाकला होता, आणि ते खरेही आहे.