१९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर? आधी हिशोब करून बघू

१५ ऑगस्ट जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच, १९४७ ला १ रुपया = १ डॉलर होता आणि आज बघा काय झालंय. यंदा आत्याने टाकला आणि लगेच फोन करून विचारलं, हे खरंय का गं? मग म्हटलं आता नीटच सांगते, कारण हा आकडा साफ चुकीचा आहे आणि दरवर्षी तो वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे.

मुळात तेव्हा रुपया डॉलरशी बांधलेलाच नव्हता, तो बांधलेला होता पौंडाला. १ रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. डॉलरचा भाव काढायचा तर लंडनमार्गे जायचं. आत्याला म्हटलं कागद पेन घे. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड, म्हणजे पौंडात २४० पेन्स. रुपयाला १८ पेन्स. २४० भागिले १८, आले १३.३३. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै (आणे-पै म्हटल्यावर आत्या एकदम खूश, तिला ते कोष्टक अजून पाठ आहे). आता १९४७ ला एका पौंडाला मिळायचे ४.०३ डॉलर. ४.०३ ला १३.३३ ने भागलं की रुपयाला साधारण ३० सेंट, आणि उलटं केलं की डॉलरला सुमारे ३ रुपये ३१ पैसे. बस, हा १९४७ चा भाव. आणि हा नुसता माझा कागदावरचा हिशोब नाहीये, डिसेंबर १९४६ मधे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे रुपयाचा जो अधिकृत भाव नोंदवला गेला तोही ३०.२२५ सेंट हाच आहे.

मेसेजमधे कारणही दिलेलं असतं, देशावर कर्ज नव्हतं म्हणून बरोबरी होती. अहो कर्ज नसलं म्हणून दोन चलनं आपोआप सारखी होत नाहीत. उलट महायुद्धात भारताने जो माल पुरवला, खर्च केला त्यापोटी ब्रिटनच आपल्याला एक अब्ज पौंडांहून जास्त देणं लागत होतं, ते स्टर्लिंग बॅलन्स म्हणून लंडनला पडून होते, तरी रुपया १८ पेन्सचाच होता. दुसरा एक मेसेज तर १९१७ ला १ रुपया = १३ डॉलर म्हणतो. तेव्हा रुपया होता १६-१७ पेन्सचा, म्हणजे ३०-३५ सेंट. १३ डॉलर कुठून आले देव जाणे.

हे १८ पेन्स पण सुखासुखी आलेले नाहीत. त्याच्या आधी, १८९८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत रेट होता १६ पेन्स, पौंडाला सरळ १५ रुपये. मग १९२६ ला भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १८ पेन्स सुचवले आणि १९२७ ला कायदा झाला. मुंबईचे व्यापारी आणि गिरणीवाले पेटून उठले होते, कमिशनमधले मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी वेगळी टिप्पणी लिहून १६ च हवेत म्हणून सांगितलं. का? तर विलायतेहून आलेलं एक पौंडाचं कापड १५ रुपयांना पडायचं ते आता १३.३३ ला पडणार, मग इथली गिरणी टिकणार कशी. आणि सरकारला मात्र दरवर्षी लंडनला पौंडात पैसे पाठवायचे असायचे, त्याला कमी रुपये लागणार. दोन पेन्सचा फरक, पण कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जाणार हे सगळं त्यात आलं. डॉ. आंबेडकरांनी याच कमिशनपुढे साक्ष दिली होती, आणि त्याआधी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधे प्रबंध लिहिला तोही रुपयावरच. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग सप्टेंबर १९४९. ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला आणि आपणही सोबत खाली आलो, पौंडाला १३.३३ तेच राहिले पण डॉलर झाला ४ रुपये ७६ पैशांचा. पाकिस्तानने मात्र आपला रुपया खाली आणला नाही. म्हणजे कालपर्यंत सारखे असलेले दोन रुपये, आणि आता १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये! भारताने तो भाव मानला नाही आणि व्यापार जवळपास ठप्प झाला. ताग पिकायचा पूर्व बंगालमधे, तागाच्या गिरण्या कलकत्त्याला, आणि मधे हा १४४ चा आकडा उभा. फाळणीचं हे अंग फारसं कुणी बोलत नाही.

ते १८ पेन्स टिकले थेट ६ जून १९६६ पर्यंत. युद्ध झालेलं, दुष्काळ, परदेशी मदत आखडलेली, आणि इंदिरा गांधींच्या सरकारने डॉलर ४.७६ वरून ७.५० केला. (कुठे ३६.५ टक्के लिहितात कुठे ५७.५ टक्के, दोन्ही बरोबर आहे, रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला म्हणजेच डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला.) पौंड झाला २१ रुपयांचा.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६७ ला, पौंड परत घसरला, २.८० वरून २.४० डॉलर. १९४९ ला आपण मुकाट मागे गेलो होतो. यावेळी नाही गेलो. डॉलर ७.५० लाच राहिला, आणि पौंड २१ वरून आला १८ रुपयांवर.