पालथ्या पडलेल्या शिळा

स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आर्द्रे गावच्या मोठ्या चित्रशिळेपुढे मी इतका वेळ उभी राहिले की ताई म्हणाली, "अगं, बाकीचं संग्रहालय बघायचंय की नाही?" नव्हतं बघायचं. याच दगडांसाठी तर मी आले होते.

शिळा माणसापेक्षा उंच. वर गोल डोकं, खाली रुंद होत गेलेलं अंग, थेट अळंब्यासारखी. अगदी वरच्या भागात आठ पायांच्या घोड्यावर बसलेला स्वार, त्याच्याखाली शीड ताणलेलं जहाज. त्याही खाली वाकून पाहिलं तर एक छोटी लोहारशाळा दिसते. हा उत्तर युरोपातल्या दंतकथांमधला वेलुंड लोहार. राजानं त्याच्या पायांच्या शिरा तोडून त्याला कामाला जुंपलं, त्यानं राजाच्या दोन मुलांना मारून सूड घेतला आणि पंख लावून उडून गेला. दगडावर लोहारशाळेच्या एका बाजूला शिर नसलेली दोन धडं पडली आहेत आणि दुसऱ्या बाजूला पक्षी उडतो आहे. सगळं मिळून माझ्या दोन वितींत मावेल एवढंच, पण चिमटे आणि हातोडेसुद्धा ओळखू येतात. काम आठव्या-नवव्या शतकातलं.

ही शिळा 1900 पर्यंत कुणाला माहीतच नव्हती. बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर आर्द्रे गावाच्या चर्चची दुरुस्ती निघाली, फरशी उचलली आणि खाली ही आणि तिच्यासोबत आणखी काही चित्रशिळा सापडल्या. शतकानुशतकं गावकरी त्यांच्यावरून चालत प्रार्थनेला जात होते.

स्वीडिशमध्ये यांना 'बिल्डस्टेन' म्हणतात, म्हणजे शब्दशः चित्र-दगड. साधारण 400 ते 1100 या काळात गॉटलंडच्या लोकांनी ते घडवले. आजवर लहानमोठे तुकडे धरून पाचशेहून जास्त मिळाले आहेत. सुरुवातीच्या दगडांवर भोवऱ्यासारखी गोल चक्रं आणि वल्ह्यांच्या होड्या, मग दोन-अडीच फुटांचे बुटके दगड, पुढे हे अळंब्याच्या आकाराचे आणि शेवटी नागमोडी पट्ट्यांत रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी कोरलेले. बहुतेक मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभे केलेले, रस्त्याकडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत असे.

आर्द्रेतल्याच काही शिळा एका दगडी पेटीच्या बाजू होत्या. अकराव्या शतकातलं काम, लाल-काळ्या रंगाचे अंशही त्यावर टिकलेले. रून अक्षरं सांगतात की लिक्नात नावाच्या माणसाच्या मुलांनी आइलिक्न हिच्यासाठी हे स्मारक करवून घेतलं. खाली मुलांची नावं, ती यांची आई होती म्हणून, आणि देवानं तिला सांभाळावं अशी प्रार्थना. त्याच संचातली दुसरी शिळा मुलांनी बापासाठी, लिक्नातसाठी उभारली. हजार वर्षांपूर्वीचं एक अख्खं घर मला या दोन दगडांत भेटलं. मी ती नावं मोठ्यानं वाचली, तशी ताई गप्प झाली आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्यिनेसहाम्न बंदरातून गॉटलंडची फेरी पकडली. सव्वातीन तासांत विस्बी, बेटावरचं मुख्य शहर. तटबंदीच्या आतल्या गल्ल्या, गुलाब, आइस्क्रीमच्या रांगा हे सगळं फोटोंत आहेच, त्यावर वेळ घालवत नाही. गॉटलंड संग्रहालयातलं चित्रशिळांचं दालन मात्र विसरता येणार नाही. अर्धवट उजेडात दगड माणसांच्या घोळक्यासारखे उभे असतात.

तिथेच स्मिस गावच्या दफनभूमीत मिळालेली 82 सेंटीमीटरची शिळा आहे. एक आकृती पाय फाकवून बसली आहे, दोन्ही हातांत एकेक साप उंच धरलेला. वरती तीन प्राणी एकमेकांत गुंतून भोवरा झालेत. ती बाई की पुरुष, देवी की जादूगारीण, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला तिच्या बसण्यात कमालीचा ठामपणा दिसला.

पण मी सर्वात जास्त रेंगाळले ते कडा छाटलेल्या दगडांपाशी. व्हायकिंग काळाच्या अखेरीस गॉटलंडकरांनी कितीतरी जुन्या चित्रशिळा उपटून, तासून थडग्याच्या पेटीत बाजूच्या फळीसारख्या वापरल्या. कुणाच्या तरी आठवणीचा दगड दुसऱ्याच्या थडग्याची भिंत झाला. काही दगडांची चित्राची बाजू आत, मृताकडे वळवलेली मिळाली.

का केलं असेल असं? तयार सपाट चुनखडी हाताशी होती म्हणून, हे पहिलं उत्तर, आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. नव्या ख्रिस्ती धर्मापुढे जुन्याची किंमत उरली नाही, हेही म्हणतात. पण ज्यांनी चित्र आत वळवलं त्यांच्याबद्दल मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. नंतरच्या कितीतरी शिळांवर स्वाराच्या स्वागताला शिंगाचा प्याला घेऊन एक स्त्री उभी असते, मृताला परलोकात या म्हणणारी. असं चित्र थडग्यात ठेवणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असणार. रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी कोरलेलं चित्र त्यानं एकट्या मृतासाठी राखून ठेवलं, असं मला वाटतं. माझ्या आजोळी देवळाची एक पायरी म्हणजे पालथा घातलेला वीरगळ होता. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून आजी एक पायरी गाळून चढायची, गुडघे दुखत असतानाही. त्यामुळे अशा दगडांना निव्वळ फरशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दालनातल्या आकृतींत भरलेल्या रंगाबद्दलही सांगायला हवं. तो मूळचा नाही. स्वीडिश पुरातत्त्वज्ञ सुने लिंडक्विस्ट यांनी 1941-42 मध्ये या शिळांचा मोठा ग्रंथ काढला. त्यासाठी रेषा तिरप्या उजेडात शोधून रंगवल्या आणि मग फोटो घेतले. पुढच्या कितीतरी पिढ्यांनी त्यांच्या नजरेनंच हे दगड पाहिले. आता संगणकावर पृष्ठभागाचं त्रिमितीय मोजमाप करून जुनी वाचनं पुन्हा तपासली जात आहेत. काही ठिकाणी लिंडक्विस्टना न दिसलेल्या रेषा मिळतात, तर काही ठिकाणी त्यांनी रंगवलेल्या रेषा मुळात नव्हत्याच असं दिसतं.

तिसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीनं आधी आर्द्रेचं चर्च गाठलं. आत कुणी नव्हतं. मी दारातच थबकले आणि आपोआप खाली बघितलं. मग बुटले गावाजवळ एंगेला गेलो. इथे दोन चित्रशिळा मूळ जागीच, जुन्या रस्त्याकडेला झाडांत उभ्या आहेत. मोठी जवळपास चार मीटर उंच. एवढा प्रवास करून समोर गेलो तर काहीच दिसेना. शेवाळ, डाग, पावसानं धुतलेली चुनखडी. हजारांहून जास्त हिवाळे तिनं अंगावर घेतले आहेत. फरशीखाली दडपलेल्या आर्द्रेच्या शिळेवर हातोडे शाबूत आहेत आणि जी कुणी हलवली नाही, जी मानानं उभी राहिली, तिचं चित्र जवळजवळ पुसलं गेलंय. मला वाईट वाटलं, खरंच.

"थांबू या का जरा?" ताईच म्हणाली. जूनचा महिना, नऊ वाजले तरी ऊन होतं. आम्ही गवतात बसून डब्यातले पराठे खाल्ले. सूर्य खाली उतरला तसा उजेड दगडावर बाजूनं घासत आला आणि आधी एक वाकडी रेषा, मग तिला टेकलेली दुसरी, असं करत जहाजाचा तळ दिसायला लागला. वर शीड असावं. ताई उठून शिळेच्या अगदी जवळ गेली, बोट दगडाला न लावता हवेतच त्या रेषेवरून फिरवत राहिली. दहा-बारा मिनिटांनी सूर्य झाडांमागे गेला आणि जहाज पुन्हा दगडात मिसळलं.