स्पोर्टस्टरचा फ्रिस्को चॉपर करताना

चॉपर म्हटलं की बहुतेकांना एकच गाडी आठवते: पुढे लांबच लांब फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे), वर गेलेलं हँडल, मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकू देणारा उंच सिसी बार. ते रूप 1969च्या 'ईझी रायडर'ने जगभर पोचवलं. पोलिसांच्या जुन्या हार्ले घेऊन लॉस एंजेलिसमध्ये त्या गाड्या घडवण्यात क्लिफ वॉन्स आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा हात होता. सिनेमाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं नव्हती.

मलाही तसलीच लांब गाडी हवी होती. कॅलिफोर्नियात राहून चॉपर करायचा आणि तोही आखूड, हे मनाला पटेना. म्हणून हार्लेची 2001ची स्पोर्टस्टर 883 घेतली. 2004पासून या गाडीचं इंजिन रबरावर बसवलेलं येऊ लागलं. त्याआधीचं थेट फ्रेमला बोल्ट केलेलं असतं; फ्रेम सडपातळ असते आणि मागचा भाग कापून हार्डटेल, म्हणजे शॉकपशिवायचा ताठ मागचा भाग, जोडणं सोपं जातं.

ओकलंडला ज्याच्याकडे वेल्डिंग करायचं ठरलं, त्याने फोर्कची लांबी विचारलीच नाही. गाडी कुठे चालवणार, एवढंच विचारलं. मी सांगितलं, आठवडाभर 880 हायवेवरची ट्रॅफिक आणि रविवारी स्कायलाइनच्या डोंगररस्त्याची वळणं. त्यावर त्याने कागद ओढला आणि गणित मांडलं.

हे गणित चॉपरचा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फ्रेमच्या मानेतून, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं त्या नळीतून, एक सरळ रेषा जमिनीपर्यंत ओढायची. ही रेषा उभ्या रेषेपासून जितकी कलते तो रेक. ती जमिनीला जिथे टेकते तिथपासून मागे टायर जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. माझ्या गाडीचा रेक साधारण 30 अंश. 21 इंची चाक घातलं की ट्रेल 5 इंचांच्या आसपास येतो. तेच ट्रिपल ट्री (फोर्क मानेला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) ठेवून मान 40 अंशांवर नेली तर ट्रेल 8 इंचांच्या पुढे जातो. अशी गाडी हायवेवर रुळावर चालल्यासारखी सरळ जाते, पण सिग्नलपाशी हळू झाली की पुढचं चाक एका बाजूला कोसळू बघतं. ट्रेल कमी करणारे वेगळे ट्री मिळतात, पण त्यांचा हिशेब चुकला तर वेगात हँडल थरथरायला लागतं. नुसता फोर्क लांबवला आणि फ्रेम तशीच ठेवली तर गाडीचं नाक आभाळाकडे.

मग फ्रिस्को ठरलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांत आणि गर्दीत घडलेली ही शैली: टाकी फ्रेमच्या कण्यावर उंच चढवलेली, हँडल अरुंद, पाय मधोमध, फोर्क जवळपास मूळ लांबीचा. इथे दोन गाड्यांच्या रांगांमधून मोटरसायकल काढणं कायदेशीर आहे, त्यामुळे अरुंद हँडलचं मोल रोज कळतं. उंच हँडलवालेही पुष्कळ दिसतात, पण सीटवर बसल्यावर हात खांद्यापेक्षा 6 इंचांहून वर जाता कामा नयेत, असा राज्याचा नियम आहे.

फ्रेम कापायचा दिवस मात्र जड गेला. जुन्या नळ्यांच्या आत लोखंडी स्लग, म्हणजे आत घट्ट बसणारे तुकडे, सरकवून, नळीला भोकं पाडून तिथेही वेल्ड भरतात, म्हणजे सगळा भार एकाच सांध्यावर येत नाही. मागचा भाग 4 इंच लांब घेतला. बेल्ट गेला, चेन आली. सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी उभा जन्म बुलेट चालवलेली.

"मागचे शॉकप काढून टाकलेस?"

"हो."

"आणि वर पैसे दिलेस?"

यावर मी काय बोलणार! पण बाजूने बघितलं की मानेपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एकच रेघ उतरते, ती शॉकप ठेवून मिळत नाही. कागदपत्रांसाठी एक पथ्य पाळलं: मान मूळचीच ठेवली. चासी नंबर तिच्यावरच कोरलेला असतो. पूर्ण नवी फ्रेम घेतली असती तर 'स्पेशली कन्स्ट्रक्टेड' म्हणून वेगळी नोंदणी आणि हायवे पेट्रोलकडून तपासणी लागली असती.

टाकी पीनट. मुळात हार्लेच्या 125 सीसी गाडीची ही चिमुकली टाकी 1958मध्ये स्पोर्टस्टरच्या एक्सएलसीएच मॉडेलवर आली आणि पुढे चॉपरवाल्यांनी ती आपलीशी केली. पेट्रोल जेमतेम 8 लिटर, म्हणजे पंप दिसला की थांबायचं. रंग कँडी लाल घेतला: खाली चंदेरी थर, वर पारदर्शक लालाचे हात. प्रत्येक हाताने रंग गडद होतो, म्हणून ओरखडा उठला तर तेवढाच भाग रंगवून जुळत नाही. महाराष्ट्र मंडळातल्या दोघांनी टाकीवर राजमुद्रा काढायचा आग्रह धरला होता. टाकी दोन मांड्यांच्या मध्ये येते म्हटल्यावर विषय तिथेच संपला.

पुढचा डिस्क ब्रेक मी काढला नाही. काही कट्टर मंडळी नाकं मुरडतात. स्कायलाइनचा उतार त्यांनी खुशाल मागच्या ब्रेकवर उतरावा. हार्डटेलमुळे बोल्ट सैल होतात, तेव्हा लॉकटाइट (बोल्ट पक्के धरणारा गोंद) आणि पाना कायम जवळ असतो. 880वरचे काँक्रीटचे सांधे आता पाठीला पाठ झालेत. सिसी बार अजून लावलेला नाही. बायको मागे बसायला तयार नाही, त्यामुळे त्याची घाईही नाही.