तुम्ही विचारलंत म्हणून: मापाचा बोर्ड

पतंगाच्या ओढीनं पाण्यावर खेळायचा, म्हणजे काइटसर्फिंगचा बोर्ड मी दुकानातून न घेता मापानं का बनवून घेतला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही, कारण एकदा काढला की मला आवरता येत नाही असं घरच्यांचं म्हणणं आहे.

नेदरलँड्समध्ये, डेन हागला (म्हणजे हेगला) गणपतीच्या जेवणाला शेजारी बसलेले काका विचारतात, सुट्टीत गोव्याला गेले की मोरजीच्या वाळूत काइट शिकणारी पोरं विचारतात, आणि कोल्हापुरात आई तर दर वेळी नव्यानं विचारते: "दुकानात ढिगानं मिळतात की. मग हा बनवून का घेतलास?" एवढ्या पैशात सोन्याचं काहीतरी झालं असतं, हे ती बोलत नाही, पण मला ऐकू येतं.

काकांसाठी आधी खेळ सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं. कमरेला हार्नेस, म्हणजे रुंद पट्टा, त्याला वीसेक मीटर लांबीच्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला सात, नऊ किंवा बारा चौरस मीटरचा पतंग, आणि पायाखाली बोर्ड. पतंग ओढतो, बोर्ड पाण्यावर धरून ठेवतो. पतंगाची कड हवा भरून फुगवलेली असते, म्हणून तो पाण्यात पडला तरी पुन्हा उठवता येतो. ही युक्ती फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांची, १९८४ सालच्या पेटंटची. बोर्ड मुख्यतः दोन जातींचे. शिकताना मिळतो तो ट्विनटिप: दोन्ही टोकं सारखी, पायांना पट्टे, थोडक्यात गुळगुळीत केलेली फळी. दुसरा सर्फबोर्ड: पुढे नाक, मागे शेपूट, शेपटीखाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं. लाटांवर खेळायचं तर हा. मी पट्टे लावत नाही, त्यामुळे माझे पाय आणि बोर्ड यांच्यामध्ये फक्त मेण असतं.

दुकानातला सर्फबोर्ड मीही तीन वर्षं वापरला, तोही सेकंडहँड. त्यात वाईट काही नव्हतं.

आता शिंपीकाकांकडे जाऊ. कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचे एक शिंपीकाका होते. त्यांच्याकडे नुसतं कापड घेऊन गेलं की ते परत पाठवायचे, "मापाचा ब्लाउज आणा." टेप गळ्यातच असायची, पण तिच्यावर त्यांचा विश्वास कमी. जुना ब्लाउज उलटा करून बघायचे, कुठे उसवलाय, काखेत कुठे ताण आलाय. मग विचारायचे, "ह्यात काय खुपतंय?" जिला हे सांगता यायचं तिचा नवा ब्लाउज अंगाला बसायचा. "तुम्हीच बघा काका, छान करा," म्हणणारीचा पण छानच व्हायचा, फक्त तो काकांच्या मनातल्या कुणा दुसऱ्याच बाईच्या मापाचा असायचा.

एवढं लहानपणी बघूनही पहिला बोर्ड मी बिनमापाचा टाकला.

झालं असं की मी मॉरिशसला जाऊन आले होते. ला मॉर्नच्या डोंगराखाली 'वन आय' नावाची लाट आहे, काइटवाल्यांची पंढरीच. दक्षिणेकडून हिंदी महासागर ओलांडून आलेलं पाणी प्रवाळाच्या कड्यावर आपटतं आणि भिंतीसारखं उभं राहतं. मी तिच्या खांद्यावरून दोन-चार वेळा घसरले, तेही लहान लाटांच्या दिवशी, हे इथेच कबूल करते. (तिथे मराठी वंशाची वस्ती आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आमच्या मुक्कामात ती आली. रस्त्यात मिरवणूक लागली, ओल्या कपड्यांतच प्रसाद खाल्ला.) भाड्यानं घेतलेला बोर्ड आखूड, अरुंद, दोन्ही टोकांना चांगला उचललेला होता. उभ्या लाटेत तो असा वळायचा की मला वाटलं, हे माझंच कसब.

परत आल्यावर वेस्टलंडमधल्या टोमॅटोच्या काचघरांमागे एका शेडमध्ये काम करणाऱ्या शेपरकडे, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराकडे गेले. साठीचे गृहस्थ, अंगभर पांढरा भुगा, मी त्यांना मनातल्या मनात शेपरबुवा म्हणते. त्यांनी विचारलं, कुठे खेळतेस? मी मॉरिशसचं वर्णन केलं. लाटा कशा आवडतात? पुन्हा मॉरिशस. वजन? तीन किलो कमी सांगितलं. का, ते देव जाणे, ते काही मला बघायला आले नव्हते. त्यांनी मान डोलावली आणि मी मागितला तसा बोर्ड करून दिला: ५ फूट ४ इंच लांब, पावणेअठरा इंच रुंद, २१ लिटरचा. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये सांगतात, घागरीसारखं.

बोर्ड देखणा होता. तो घेऊन मी झांडमोटरवर गेले. हा डेन हागच्या दक्षिणेला २०११ मध्ये मुद्दाम टाकलेला वाळूचा मोठा ढीग आहे, २ कोटी १५ लाख घनमीटरचा. किनाऱ्यावर वाळू पसरायचं काम माणसांनी वारंवार करण्यापेक्षा समुद्रालाच करू द्यावं, अशी डच लोकांची हिशेबी कल्पना. उत्तर समुद्र उथळ, आणि पश्चिमेला ब्रिटन आडवं पडलेलं, त्यामुळे अटलांटिकच्या लांब लाटा इथवर क्वचितच पोहोचतात. आमच्या लाटा बहुतेक वेळा जवळच्याच वाऱ्यानं घुसळलेल्या. मॉरिशसला दोन लाटांमध्ये १२-१४ सेकंद मिळतात, इथे पाच-सहा. मधलं पाणी खडबडीत, लाट उभी राहते न राहते तोच विरघळते.

अशा पाण्यात माझा देखणा बोर्ड चिखलातल्या बैलगाडीसारखा चालायला लागला.

कारण रॉकर. बोर्ड पालथा घालून त्याच्या पोटावर सरळ पट्टी ठेवली की नाकाशी आणि शेपटीशी जी फट दिसते, तो रॉकर, म्हणजे बाक. बाक जास्त असला की उभ्या लाटेच्या कुशीत बोर्ड चपखल बसतो आणि चटकन वळतो. पण लाट लेचीपेची असेल तर तोच बाक पाणी पुढे ढकलत बसतो. वेग येत नाही, आणि वेग नसला की वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला तिरकं चढता येत नाही. निघालो तिथेच परत यायचं तर ते चढणं यायलाच हवं. मी दर वेळी अर्धा-पाऊण किलोमीटर खाली वाहून जायची आणि पतंग डोक्यावर, बोर्ड काखेत घेऊन वाळूतून परतायची. लोक वाऱ्यावर खेळायला येतात, मी पायी वारी करून घरी जात होते. दोष शेपरबुवांचा नव्हता. मी ज्या समुद्राचं माप दिलं त्या समुद्राचा बोर्ड त्यांनी दिला होता.

दोन हिवाळे तो तसाच वापरला. लाजेपोटी म्हणा. पण या काळात एक बरं झालं, पाण्यातून बाहेर आल्यावर मी वहीत लिहायला लागले. वारा किती नॉट (ताशी सागरी मैल), पतंग कोणता, आणि बोर्डानं आज काय त्रास दिला. 'मजा आली' लिहायचं नाही असं ठरवलं होतं. त्यातून कळलं की दुकानातला जुना बोर्ड वाऱ्याला मस्त चढतो, पण २५ नॉटच्या पुढे शेपूट उचलून धरतो आणि त्याची जाड कड पाण्यात रुतत नाही. नवा वळतो लोण्यासारखा, पण वाऱ्याची झुळूक जरा मंदावली की बुडतो. वळताना पाय बदलायचे असतात, त्या दोन सेकंदांत तर हमखास.

मग दोन्ही बोर्ड गाडीत घालून पुन्हा शेडमध्ये गेले. वही पण नेली. शेपरबुवांनी वहीकडे बघितलंही नाही. बोर्ड शेजारी शेजारी घोड्यांवर ठेवले, डोळे मिटून कडांवरून हात फिरवला, पालथे केले, पुन्हा उताणे केले. थेट महाद्वार रोड. शेवटी त्यांचं बोट डेकवरच्या, म्हणजे पाय ठेवायच्या वरच्या बाजूवरच्या, खळग्यांवर थांबलं. पट्टे नसलेल्या बोर्डावर टाचांचा दाब रोज त्याच त्या जागी पडतो आणि तिथे फायबरग्लास खचतो. ते म्हणाले, "मागचा पाय फिनवर ठेवायला हवा, तू चार बोटं पुढे ठेवतेस. दोन्ही बोर्डांवर." मी म्हटलं, सवय सुधारीन. ते म्हणाले, "नाही सुधारणार. मी फिन पुढे घेतो."

डच माणसाचा हा स्पष्टपणा आवडायला मला काही वर्षं लागली.

मग खरं वजन सांगितलं, ५८. बाक बराच कमी केला, मधला भाग जवळजवळ सपाट. शेपूट जुन्या बोर्डापेक्षा अरुंद, मागची कड धारदार आणि पुढची गोल. पोटाला हलकी पन्हळ. नाक पातळ, कारण हातांनी वल्हवत लाट पकडणाऱ्याला छातीखाली तरंग लागतो. मला पतंग ओढतो, मला तो पायांखाली हवा. आकडे विचाराल तर ५ फूट ६ इंच लांब, पावणेएकोणीस इंच रुंद, सव्वादोन इंच जाड, आणि आकारमान २५ लिटरच्या आत. एक अतिशहाणी मागणी मी केलीच. आमच्याकडे वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, समुद्राकडे तोंड केलं की डावीकडून येणारा, आणि मी डावा पाय पुढे ठेवणारी, म्हणजे किनाऱ्याकडे येताना लाटेकडे माझी पाठ. तर बोर्डाच्या दोन बाजू वेगवेगळ्या आकाराच्या कराव्यात का? त्यांनी विचारलं, "आणि वारा उजवीकडून आला तर घरी बसणार का?"

बोर्डाच्या आतला फेस, म्हणजे फोम, कोणता घ्यायचा, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी थोडक्यात सांगते. पॉलियुरेथेनवर पॉलिएस्टर राळ ही जुनी रीत. पॉलिस्टायरीन, म्हणजे ईपीएस, वर इपॉक्सी ही दुसरी, जास्त हलकी. ईपीएसवर चुकूनही पॉलिएस्टर राळ लावू नका, फेस विरघळतो. दुरुस्ती करताना अनेकांनी असे बोर्ड घालवलेत. हलका बोर्ड खडबडीत पाण्यात तडतड उडतो, म्हणून मी जड आणि शांत पॉलियुरेथेन घेतला. शेपरबुवांना ५ डिसेंबर २००५ अजून आठवते. अमेरिकेतल्या बहुतेक शेपरना फेसाचे ठोकळे पुरवणारी क्लार्क फोम त्या दिवशी अचानक बंद झाली आणि सगळ्यांना रातोरात दुसरे ठोकळे आणि दुसऱ्या रीती शोधाव्या लागल्या. काइटसाठी एकच अट मात्र सोडू नका: डेकवर काचेचं कापड जास्त. माझ्यावर सहा औंसाचा एक आणि चार औंसाचा एक थर आहे. साध्या सर्फबोर्डावर बहुधा चार-चारचे असतात, ते टाचांखाली लवकर खचतात. फिन काढता येणारे घ्या. आमच्याकडे वाळूच्या बांधांवर ते आपटतातच, तुटला तर एकटा फिन बदलता यावा.

आता मोरजीच्या पोरांना उत्तर. बाबांनो, तुम्हाला नको. गोव्यात फेब्रुवारी ते एप्रिल दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा साधारण १० ते १५ नॉटचा असतो. त्याला मोठा पतंग आणि रुंद ट्विनटिप पुरतो. उंच उड्या मारायच्या असतील तरीही बनवून घेऊ नका. साच्यातून काढलेले, कडक फेसाचं कवच असलेले दुकानातले बोर्ड ते आदळणं जास्त सोसतात. आणि सर्फबोर्ड घेतलाच तर पांढरा घ्या, दुपारी बंद गाडीत ठेवू नका. एप्रिलमधली गोव्याची गाडी म्हणजे भट्टी, ईपीएसच्या बोर्डाला फोड येतात.

आईला द्यायचं उत्तर अवघड आहे, कारण पैशांच्या बाबतीत तिचं बरोबर आहे. बनवून घ्यायला नामांकित कंपनीच्या बोर्डापेक्षा फार जास्त पडत नाहीत. पण विकायला काढला की कळतं. माझा पहिला बोर्ड अजून जिन्याखाली आहे. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज कोण घेणार?

आठ आठवडे सांगितले होते. शिंप्याचे आठ आठवडे असतात तसे ते होते.

काच चढवण्याआधी बोर्डाच्या मधल्या लाकडी पट्टीशेजारी, फेसावरच, शेपर पेन्सिलीनं मापं आणि नाव लिहितात. एकदा राळ चढली की ते कायमचं. काय लिहू, असं त्यांनी विचारल्यावर मी कागदावर 'रंकाळा' लिहून दिलं, कारण वयाच्या बावीसपर्यंत मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं पाणी तेच होतं. त्यांनी मधल्या पट्टीचीच शिरोरेघ केली आणि अक्षरं तिला खाली टांगली. मी न सांगता. बोर्ड आणायला गेले तेव्हा बघितलं तर पट्टीच्या पलीकडे काहीच नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, तिकडे पेन्सिलीचा एक ठिपका पडला होता, तो मी घासून काढला, तुझा बोर्ड स्वच्छ दिसायला हवा.

त्यामुळे बोर्डाचं नाव आता रकाळा आहे.