अकरा नंबर

आईने मागच्या आठवड्यात बोहारणीला जुने कपडे दिले, त्यात माझी अकरा नंबरची बास्केटबॉलची जर्सी गेली. मला आज संध्याकाळी कळलं. कपाटाचा खालचा कप्पा लावत होते, निळं काही दिसेना, म्हणून हाक मारून विचारलं. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ती तर गेली." मी "बरं" म्हटलं आणि टॉवेलच्या घड्या घालत राहिले.

राग आला नाही. रात्रीचे साडेअकरा झालेत, मघापासून तेवढंच डोक्यात घोळतंय. राग कसा नाही आला मला?

आईचं म्हणणं, तिने मला विचारलं होतं. "फोनवर बोलत होतीस. मी दाराशी उभी राहून दाखवली, ही देऊ का म्हटलं, तू मान हलवलीस." हलवली असेन. सध्या ऑफिसचे फोन घरी आले की मी सगळ्यालाच मान हलवते. म्हणजे मीच दिली. तरीपण, दहा वर्षं जपलेली वस्तू हातातून जाताना नुसती मान हलते?

दिवाळीची आवराआवर होती. दोन सुती साड्या, एक डबल बेडची चादर, बाबांच्या दोन पँटी, आणि ती जर्सी. बोहारणीने म्हणे ती ताणून पाहिली, उजेडात धरली आणि बाजूला टाकली. "ह्याचं काय करू ताई? ह्याला कोणी घेत नाही." आईने पुन्हा ढिगावर ठेवली. "राहू दे गं, तुझ्या पोराला होईल." पातेलीवर घासाघीस चालली होती, बोहारीण लहान पातेली पुढे करत होती आणि आईला मोठी हवी होती. शेवटी जर्सीसकट सगळं गेलं आणि मोठी पातेली आली. ओट्यावर आहे ती. बुडाला अजून स्टिकर चिकटलेलं आहे.

दादाने ती पुण्याला असताना फॅशन स्ट्रीटवरून आणली होती, २०१५ च्या मे महिन्यात. दोन होत्या, एक तीस आणि एक अकरा. तीस म्हणजे स्टीफन करी, अमेरिकेतल्या वॉरियर्स टीमचा, सगळ्या जगाला तीसच हवा असतो. मी अकरा उचलली. दादाला वाटलं मी त्याच्यासाठी तीस सोडला. तसं नव्हतं. मला अकराच हवी होती.

शाळेत मी कोपऱ्यातली पोरगी होते. चेंडू हातात ठेवणाऱ्या वेगळ्या, त्या ड्रिबल करत यायच्या, त्यांच्याकडे सगळे बघायचे. मी मागून पळत कोपऱ्यात जायचे आणि थांबायचे. सर ओरडायचे, "पास आल्यावर हात काय तयार करतेस, हात आधीच वर पाहिजेत!" सिमेंटचं कोर्ट, जाळी नसलेली रिंग. चेंडू आत गेला की बाहेरून गेला हे आवाजावरून ठरवायचं. दहावीनंतर ते सगळं संपलं. मग जानेवारी २०१५ मध्ये दादाने एक क्लिप पाठवली. क्ले थॉम्पसन, वॉरियर्सचा अकरा नंबर, सॅक्रामेंटोविरुद्ध, एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव मॅचमध्ये, ३७ पॉइंट. तेरा शॉट मारले, तेराही आत, त्यातले नऊ थ्री, म्हणजे लांबून मारलेले, तीन पॉइंटचे. मी ती रात्रभर बघितली. चेंडूकडे माझं लक्षच नव्हतं, त्याच्या हातांकडे होतं. पास यायच्या आधी हात वर.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, त्याने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० पॉइंट केले, आणि त्या सबंध खेळात चेंडू त्याच्या हातात जेमतेम दीड मिनिट होता. अकरा ड्रिबल. मी हे किती जणांना सांगितलं असेल! आमच्या कॉलनीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. सगळे क्रिकेटवाले. हो का, म्हणायचे आणि पापड मागायचे.

फायनल जूनमध्ये. आपल्याकडे पहाटे, साडेसहाला. रविवारची असेल तर सोमवारी साडेपाचला. त्या महिन्यात घरात मीच पहिली उठायचे. चहा ठेवायचा, सोनी सिक्स लावायचं, आवाज अगदी बारीक. पहिला वळवाचा पाऊस झाला की लाइट जायची, मग मोबाइलवर नुसते आकडे बघत बसायचं. १७ जून २०१५ ला जिंकलो, क्लीव्हलँडला ४-२ ने हरवून. त्याआधी वॉरियर्सना ट्रॉफी मिळाली होती ती १९७५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. दादा तेव्हा घरी आलेला होता. आम्ही दोघं गाडीवर मिसळ खायला गेलो. शहरभर सिंहस्थाची कामं चालली होती, जिथे जावं तिथे खडी आणि बॅरिकेड. दादा खड्ड्यांतून गाडी घालताना "चॅम्पियन, चॅम्पियन" ओरडत होता. तिथून ठरलं, ट्रॉफी मिळाली की मिसळ. काळ्या मसाल्याची, तर्री वेगळी मागून.

२०१६ चं मी कधी नीट लिहू शकलेले नाही. ७३ मॅच जिंकल्या होत्या त्या सीझनला, फक्त ९ हरल्या. तसं कोणीच आधी केलेलं नव्हतं. ओक्लाहोमाविरुद्ध जाता जाता वाचलो, अकराने एका रात्रीत अकरा थ्री मारल्या म्हणून. आणि फायनलला क्लीव्हलँडवर ३-१ अशी आघाडी घेऊन हरलो. ८९-८९ वर स्कोअर अडकला. मिनिटं जात होती आणि कोणाचाच चेंडू आत जात नव्हता. मग त्यांच्या लेब्रॉनने मागून धावत येऊन आमच्या इग्वडालाचा शॉट बोर्डावर दाबला, मग त्यांच्याच कायरीची ती थ्री. ९३-८९. मी उशीत तोंड घालून रडले. आई धावत आली, "कोण गेलं?" बाबा दारातच उभे होते. आईला म्हणाले, "हरलेत ते. चहा कर."

त्या दिवशी रडले तीच मी आज टॉवेलच्या घड्या घालत होते.

२०१७ आणि २०१८ ची मिसळ खाल्ली हे आठवतं, मॅच आठवत नाहीत. ड्युरांटसारखा मोठा खेळाडू आमच्या टीममध्ये आला होता, २०१७ च्या प्लेऑफमध्ये १७ पैकी एकच मॅच हरलो, २०१८ ची फायनल ४-० अशी. लोक म्हणायचे, तू काय, जिंकणाऱ्यांच्या मागे. ते मला लागायचं. मी काही बोलायचे नाही, पण फार लागायचं. म्हणून २०१९-२० ला १५ जिंकल्या आणि ५० हरल्या, त्या ५० मधल्या मी बहुतेक सगळ्या बघितल्या. कोणालाही न सांगता. मला वाटायचं, याची कुठेतरी नोंद होत असेल.

बाबा त्याला नावाने कधी ओळखत नव्हते. अकरा नंबर. १४ जून २०१९ च्या सकाळी तो पडला तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून बघत होते. डावा गुडघा. त्याला आत नेलं, आणि मग तो त्या बोगद्यातून परत आला, स्वतःच्या पायाने चालत, कारण दोन फ्री थ्रो बाकी होते. दोन्ही घातले. ३० पॉइंट झाले होते त्याचे. बाबा एवढंच म्हणाले, "गुडघा म्हणजे काय चेष्टा आहे होय!" त्यानंतर दीड वर्ष दर महिन्याला त्यांचा प्रश्न असायचा, अकरा नंबर का खेळत नाही. मग उजव्या पायाचा अकिलीस, टाचेमागची शीर, तुटला, नोव्हेंबर २०२० मध्ये. ते सांगताना माझा आवाज फुटला होता. बाबांनी पुन्हा विचारलं नाही, पण टीव्ही लावला की दोन मिनिटं खुर्चीत येऊन बसायचे, बघायचे, आणि उठून जायचे. मला कळायचं काय बघतायत.

जर्सीवरच्या अकरातला दुसरा एक त्याच काळात निघाला. इस्त्रीने. नंबर रबराचा होता, आईने वरूनच गरम इस्त्री फिरवली, तो सुटला आणि वाकडा होऊन लोंबायला लागला. बाबांनी फेविक्विक लावून चिकटवला. खाली पेपर घालून, जीभ दातात धरून, टेबलावर वाकून अर्धा तास. चिकटला पण कडक झाला. वाळलेल्या फेविक्विकची एक पांढरट रेघ राहिली, छातीशी, डाव्या बाजूला, आणि घातली की ती टोचायची.

१० जानेवारी २०२२, सोमवार. निफाडकडून येणारा तो गारठा, बाबा शाल घेऊन. ९४१ दिवसांनी तो खेळायला उतरला. मी जर्सी स्वेटरवरून घातली होती. पहिल्या क्वार्टरला नाही, दुसऱ्यात, क्लीव्हलँडच्या गर्दीतून घुसून त्याने चेंडू रिंगेत आदळला, आणि बाबांनी टाळी वाजवली. एकच. त्या जूनमध्ये बोस्टनला बोस्टनमध्ये हरवलं, १०३-९०. घड्याळ संपायच्या आधीच करी खाली वाकून रडायला लागला. मिसळीला बाबा पण आले. तिखट चालत नव्हतं त्यांना, पाव आणि दही खाल्लं, आणि हॉटेलवाल्याला सांगितलं, "आज आमची टीम जिंकली." तो म्हणाला, "मुंबई का?" बाबा म्हणाले, "नाही, आमची."

चौथी मिसळ. पुढची झालेली नाही.

रामनवमीच्या सकाळी, २०२४ ला, तो वॉरियर्सकडून शेवटचं खेळला. शेवटचं असेल हे माहीत नव्हतं. आईला काळारामाला जायचं होतं, गर्दीच्या आधी, ती तयार होऊन बसली होती. मी म्हटलं, हा क्वार्टर होऊ दे. दहा शॉट मारले त्याने. एकही गेला नाही. शून्य पॉइंट. तोच, तसाच, हात आधीच वर, आणि चेंडू रिंगेला लागून बाहेर. रस्त्यावर स्पीकर चालू झाले होते. आई म्हणाली, "चल गं आता." मी टीव्ही बंद केला. घरात आम्ही दोघीच होतो.

जुलैत तो डॅलसच्या टीमकडे गेला. नंबर पण ३१ घेतला. नोव्हेंबरमध्ये ते आमच्याकडे, वॉरियर्सच्या सॅन फ्रान्सिस्कोला, खेळायला आले तेव्हा प्रेक्षकांना कॅप्टनच्या टोप्या वाटल्या होत्या, कारण तो होडीने खाडी ओलांडून यायचा, कॅप्टन क्ले म्हणायचे त्याला. सगळं स्टेडियम त्या पांढऱ्या टोप्यांत. आम्ही जिंकलो, १२०-११७, शेवटी करीनेच ओढून नेलं. आणि मी सोफ्यावर बसून काय करत होते? ३१ ला कोपऱ्यात पास गेला की मी अर्धी उठत होते. दर वेळी. मग आठवायचं, चेंडू आपल्याविरुद्ध आहे, आणि बसायचे. मॅच संपल्यावर जर्सी काढून घडी घातली आणि खालच्या कप्प्यात ठेवली. तेव्हा टोचतेय म्हणून ठेवली, असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्यानंतर घातलीच नाही.

मघाशी जेवताना आईला पुन्हा विचारलं, बाबांच्या कुठल्या पँटी दिल्यास. म्हणाली, तपकिरी आणि ती राखाडी. "राखाडी तर चांगली होती," मी म्हटलं. "चांगली होती म्हणून किती दिवस ठेवायची?" एवढं बोलून तिने माझ्या ताटात भात वाढला. मला नको होता. खाल्ला.

राखाडी पँटीचा खिसा मी शिवला होता.

म्हणजे राग नाही आला असं नाही, तो तिकडे जात होता आणि मी त्याला जर्सीकडे वळवू बघत होते, की काय कोण जाणे. दादाला फोन केला. तो आधी "अरेरे" म्हणाला, मग गप्प झाला, मग म्हणाला, त्याची तीस नंबरची तर वहिनीने कधीच फरशीला लावली. "तुला राग आला होता का?" मी विचारलं. म्हणाला, "आला ना. पण ती वाळत घातलेली दिसली, फरशीचं फडकं म्हणून, तेव्हा करीने त्याच आठवड्यात पन्नास मारले होते. मला वाटलं, चाललंय की त्याचं." आम्ही दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी त्याच्याशी असं बोलले. त्याने विचारलं, "बाबांची चिकटवलेली तीच ना?" मी हो म्हटलं. पुढे तोही काही बोलला नाही, मीही नाही.

बोहारणीच्या पोराला झाली असेल तर होऊ दे. त्याला मोठीच होईल, टोचायची जागा पोटावर येईल.

उद्या साडेसातला मॅच आहे. अलार्म लावलाय. करी आता सदतिशीच्या पुढे गेलाय, जुन्यांतला ग्रीन अजून आहे, कोपऱ्यात दुसरीच मुलं उभी असतात आणि त्यांचे हात पास आल्यावर वर जातात. तरी बघते मी. मघाशी पातेलीचं स्टिकर काढलं. पाण्यात भिजत ठेवून नखाने खरवडलं, पण डिंक राहिलाच, चिकट गोल. आई झोपायला जाताना म्हणाली, "खोबरेल तेल लाव, निघतं." लावून ठेवलंय. सकाळी बघू.