तुम्ही विचारलंत म्हणून: आधी श्रमदान, मग पावतीपुस्तक

आमच्या शाळेच्या निधी मोहिमेचा आरंभ श्रमदानाने होतो हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो: ‘पैसे गोळा करायचेत ना? मग पहिलाच दिवस बाक घासण्यात कशाला घालवता?’

पहिल्या मोहिमेत आम्हीही सभाच घेतली होती. व्यासपीठ, भाषणं, मोठ्या देणगीदारांचा सत्कार. मागे उभे असलेले बरेच पालक भाषणं संपायच्या आत निघून गेले. इथे मान रकमेला आहे, एवढंच आम्ही त्यांना बोलावून सांगितलं होतं. ती सल अजून गेलेली नाही.

पुढच्या वेळी पावतीपुस्तकं कपाटातच ठेवली आणि पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी अशा सगळ्यांना सकाळीच कामाला बोलावलं. ग्रंथालयातली पुस्तकं खाली उतरवून नोंदवहीतल्या क्रमांकाशी ताडून पाहिली, सुटलेली पानं चिकटवली. दुसरीकडे पॉलिश पेपरने बाकांचा गंज काढणं चाललं होतं. तिथे एक वडील थांबले. ते वेल्डिंगचं काम करतात. म्हणाले, ‘याला रंग मारून काय होणार? सांधाच सुटलाय.’ मग वर्गावर्गात फिरून त्यांनी प्रत्येक मोडक्या बाकावर खडूने खूण केली: हा जोडता येईल, हा टाकावा लागेल.

आमच्या आवाहनात ‘फर्निचर’ म्हणून एकच ठोकळ आकडा होता. त्या खुणा मोजून तो नव्याने मांडला, आणि तो कमी झाला! त्यानंतर देणगी मागायला जाताना माझा आवाज वेगळा होता. कागदावरची रक्कम कशासाठी आहे, ते मी हाताने चाचपलेलं होतं.

श्रमदानाने तिजोरी भरत नाही, हे खरं. मोठ्या देणग्यांची बोलणी जाहीर आरंभाच्या कितीतरी आधी, एकेकाला भेटूनच करावी लागतात. वायरिंग, छप्पर अशी कामं आम्ही जाणकारांवरच सोपवतो, आणि मुलांना हलकीच कामं देतो. शाळेच्या सफाई कामगारांची मजुरी वाचवण्यासाठी तर श्रमदान कधीच करू नये.

पण शाळा उभी राहते ती पैसा आणि घाम दोन्हींवर, हे आपल्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती स्वावलंबनाचं ब्रीद घेऊन. मुलांनी कष्ट करावेत आणि शिकावं, ही त्यांची रीत. त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अमेरिकेत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांनी विटा पाडून इमारती बांधल्या. विटांची भट्टी तीनदा फसली, तेव्हा चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ गहाण ठेवलं. कष्ट करणारे आणि पैसा उभा करणारे तिथे वेगळ्या रांगांत बसले नव्हते.

आमच्या श्रमदानाच्या त्या संध्याकाळी कपाट उघडलं, ते पालकांनीच पावती मागितली म्हणून. कुणाची रक्कम अगदी लहान होती, कुणी पुढच्या महिन्यात देतो म्हणालं. काहींनी दिवसभराचं काम दिलं, तेवढंच. त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नाही.

आता शाळेच्या दारात एकच फलक आहे. राबणारे आणि देणारे, सगळे अकारविल्हे, रकमेविना. वेल्डिंग करणाऱ्या त्या वडिलांच्या खालचं नाव सर्वांत मोठ्या देणगीदाराचं आहे.