सलाईनचे थेंब मोजताना
नाईटला इन्फ्युजन पंप (ठरलेल्या वेगाने सलाईन आपोआप सोडणारं यंत्र) एकच आणि तोही दुसऱ्या पेशंटला लावलेला, मग काय, घड्याळ समोर धरून थेंब मोजत बसायचं. साध्या सेटला (सलाईनच्या नळीला) बहुतेक २० थेंबांचा १ मिली होतो (पाकिटावर छापलेलं असतं, बघाच, १५ वालेही येतात), म्हणजे ५०० मिली ४ तासांत द्यायचं तर तासाला १२५, मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेट मात्र माझा लाडका, ६० थेंबांचा १ मिली, त्यामुळे तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब, गणितच नाही! लहान मुलांचा बोलस (थोड्या वेळात एकदम द्यायचं सलाईन) वजनावर. डॉक्टर म्हणाले किलोला १० मिली, आईने वजन सांगितलं १२ किलो, मी १२० मिली लिहूनही टाकलं, काट्यावर पोर भरलं १० किलो. नशीब, सलाईन अजून सुरू केलं नव्हतं.